नकाशाचं काम सुरू करताय? लोकेशन आणि कायदा यांची ओळख, पायरी-पायरीने

काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका तालुक्यात आम्ही क्षयरोगाच्या रुग्णांचा नकाशा केला. औषधं पोहोचवणाऱ्या सेविकांची पायपीट कमी व्हावी, एवढाच हेतू. नावं काढून टाकली, प्रत्येक रुग्णाला नंबर दिला आणि मोठ्या कागदावर छापलेला तो नकाशा बैठकीत ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावला. मागे बसलेली एक बाई उठून पुढे आली. तिने ओढ्याच्या वळणावर बोट ठेवलं, तिथून वर सरकवत नेलं आणि एका लाल ठिपक्यापाशी थांबून म्हणाली, "हे तर आमचं घर." त्या वस्तीवर घरं होती चारच. पुढे कित्येक दिवस तिच्या घरचा चहा कुणी घेतला नाही.

चूक आमची होती. तेव्हापासून कामाला नवीन मुलं-मुली आल्या की सॉफ्टवेअर शिकवायच्या आधी मी त्यांना पुढचं सगळं सांगतो. तुम्ही जीआयएसचा (संगणकावर नकाशे करण्याच्या तंत्राचा) कोर्स करून नुकतेच बाहेर पडला असाल, ड्रोन घेतला असेल, डिलिव्हरीचं ॲप बांधत असाल किंवा संस्थेसाठी मोबाइलवर सर्व्हे करत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. भाषा कामापुरती सोपी ठेवली आहे. मोठं कंत्राट असेल तर करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवाच.

पायरी १ : हातात नेमकं काय आहे ते बघा

डेटाचे दोन ढीग करा. एका ढिगात जागेची माहिती: रस्ता, विहीर, बंधारा, शाळेची इमारत. दुसऱ्यात माणसाची माहिती: कुणाचं घर, कुणाचा फोन कोणत्या वेळी कुठे होता, कोण रोज कोणत्या दवाखान्यात जातं. पहिल्या ढिगाला नकाशांविषयीचे नियम लागतात, दुसऱ्याला वैयक्तिक डेटाचा कायदा. अडचण अशी की बहुतेक फायलींत दोन्ही एकत्र असतात. साध्या पाणवठ्यांच्या सर्व्हेतही 'माहिती देणाऱ्याचं नाव' आणि 'मोबाइल' हे दोन रकाने असतातच, आणि विहिरीच्या अक्षांश-रेखांशांसोबत तेही गावभर फिरतात.

नाव काढलं की ओळख पुसली जाते, हा समज पहिल्याच दिवशी सोडा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख मोबाइलधारकांची १५ महिन्यांची माहिती तपासली होती. त्यात नावं नव्हती. तरीही जागा आणि वेळ यांचे फक्त चार ठिपके माहीत असले, तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे असतो, एवढ्यावरून आपण आपल्या शेजाऱ्याला ओळखू. संगणक तर ओळखणारच.

यावर एक सोपा उपाय आहे, तो आजच शिकून घ्या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर पाच आकडे ठेवले तर तुम्ही एक मीटरच्या आसपास पोहोचता, म्हणजे थेट उंबऱ्यावर. तीन ठेवले तर साधारण ११० मीटर, म्हणजे आळीपर्यंत. दोन ठेवले तर किलोमीटरभर. रेखांशाचा अंश आपल्याकडे थोडा लहान, १०५ किलोमीटरच्या आसपास भरतो, पण हिशोब तोच. सेविकेच्या फोनमध्ये पाच आकडे हवेत, कारण तिला दार सापडायला हवं. भिंतीवरच्या नकाशाला ते नकोत. आम्ही आता असे नकाशे वस्तीऐवजी गावाच्या आकड्यांवर करतो, आणि आकडा पाचपेक्षा कमी असेल तर तो छापतच नाही. चार घरांच्या वस्तीवर दोन आकडे कापूनही उपयोग नसतो, हे ती बाई आम्हाला शिकवून गेली.

पायरी २ : देशाची सीमा तपासा

ही पायरी लहान आहे, पण इथे चुकलात तर थेट फौजदारी. १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमात १९९० साली भर पडली. त्यानुसार सर्व्हे ऑफ इंडियाच्या (देशाचे अधिकृत नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्याच्या) नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. परदेशी साइटवरून उचललेल्या तयार लेअरमध्ये (नकाशाच्या थरात) जम्मू-काश्मीर, लडाख, अक्साई चीन किंवा अरुणाचलची सीमा तुटक रेषेत किंवा कापलेली असू शकते. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर हौसेने टाकलेला छोटासा नकाशाही 'प्रसिद्ध करणं' यातच येतो. म्हणून सीमा सर्व्हे ऑफ इंडियाचीच घ्या.

जुन्या शेपफाइल (सीमा-रेषा साठवणाऱ्या नकाशाच्या फाइल) घेताना महाराष्ट्राचे जिल्हे मोजा. ३५ भरले तर ती फाइल १ ऑगस्ट २०१४ च्या आधीची आहे, त्यात पालघर नाही. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं आली आहेत का, तेही बघा. बेळगावबद्दल नवीन मुलं मला हमखास विचारतात. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या मनात काय आहे ते वेगळं, पण कामाच्या नकाशावर मी आजची अधिकृत राज्यसीमाच काढतो.

पायरी ३ : अचूकता किती, आणि डेटा कुणाच्या हातात?

नकाशांच्या कायद्यातला सगळ्यात मोठा बदल इथे झाला. पूर्वी परवानग्या आणि सुरक्षा मंजुऱ्या यांतच महिने जायचे. २०१६ मध्ये तर एका विधेयकाचा मसुदा आला होता, ज्यात विनापरवाना भौगोलिक माहिती गोळा करण्याला १०० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. त्यावर बरीच ओरड झाली आणि ते कायद्यात उतरलं नाही. मग १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि चित्र पालटलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही आलं.

सूचनांचा गाभा असा. भारतीय व्यक्ती, संस्था किंवा भारतीयांच्या मालकीची वा नियंत्रणातली कंपनी असेल, तर नकाशे करायला पूर्वपरवानगी लागत नाही. आपण नियम पाळतो, हे आपणच लिहून द्यायचं. आडव्या दिशेने एक मीटर आणि उभ्या दिशेने तीन मीटर अशी अचूकतेची रेघ आखलेली आहे. त्यापेक्षा बारीक डेटा फक्त भारतीय घटकांनीच तयार करायचा आणि तो भारतातल्या सर्व्हरवरच ठेवायचा, तिथेच त्यावर प्रक्रिया करायची. परदेशी कंपनीला तो वापरायचा असेल तर भारतीय घटकाकडून परवाना घेऊन, एपीआयमार्फत, म्हणजे त्यांच्या सर्व्हरला विचारून हवी तेवढीच माहिती घेत. मूळ फाइल हातात मिळत नाही. रस्त्यांवर गाडी फिरवून सगळीकडची चित्रं टिपण्याचं कामही भारतीयांनीच करायचं. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात परत आलं, तेव्हा चित्रीकरण जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या इथल्या कंपन्यांनी केलं. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं.

आता तुमच्या कामाला हे लावून बघा. उघड्या माळावर मोबाइलचा जीपीएस तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो, म्हणजे तुमचा मोबाइल-सर्व्हे त्या रेघेच्या अलीकडेच राहतो. डीजीपीएस (जीपीएसची चूक दुरुस्त करून घेणारं मोजणीचं यंत्र) किंवा ड्रोनचं चित्र मात्र सेंटिमीटरात बोलतं, ते रेघेच्या पलीकडे गेलं. इथे हमखास फसगत होते ती अशी: कॅलिफोर्नियातला चुलतभाऊ स्टार्टअप काढतो, पुण्यातल्या दोघांना ड्रोनचं काम देतो आणि म्हणतो, "फाइल माझ्या ड्राइव्हवर टाकून द्या." मराठी माणसाची कंपनी आहे म्हणून ती भारतीय ठरत नाही. नोंदणी कुठे, मालकी आणि नियंत्रण कुणाचं, सर्व्हर कुठे, हे तीन प्रश्न फाइल अपलोड करायच्या आधी लेखी विचारा. मोठ्या क्लाउड कंपन्यांची डेटा केंद्रं मुंबईत आहेत, पण खातं उघडताना ते ठिकाण आपल्यालाच निवडावं लागतं.

संवेदनशील जागांबाबत एक बारकावा. सूचनांमध्ये बंदी घातलेल्या भागांची यादी नाही, रोख आहे तो गुणधर्मांवर. म्हणजे लष्करी आवाराचं कुंपण उपग्रहचित्रात दिसतं, ठीक आहे. आत कोणती इमारत कशाची आहे, हे तुम्ही नकाशावर लिहायचं नाही. खडकवासला, देवळाली, कुलाबा अशा भागांत काम करताना हे मुलांना बजावून ठेवा.

पायरी ४ : बांधाच्या भानगडीत फोन काढू नका

शेतात सर्व्हेला गेलात की कुणीतरी मालक हळूच म्हणतो, "साहेब, तेवढी आमची हद्द बघा की मोबाइलवर." नाही म्हणा, हात जोडून. बांध असतो दोन-तीन फुटांचा आणि फोनची चूक असते त्याच्या कितीतरी पट. महाभूनकाशावर (राज्य सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावर) दिसणारी गटाची रेघ उपग्रहचित्रावर ठेवली की ती कधी विहिरीवरून जाते, कधी शेजाऱ्याच्या गोठ्यावरून. जुने कागदी नकाशे पडद्यावर बसवताना अशी सरक राहते. हद्दीचा निकाल भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने आणि तिच्या 'क' प्रतीने (मोजणीनंतर मिळणाऱ्या हद्दीच्या नकाशाने) लागतो, तुमच्या ठिपक्याने नाही. तुमच्या एका "इथून तुमचं आहे बघा" वर दोन भावांत पुढची पंधरा वर्षं दावा चालू शकतो.

प्रत्येक नकाशाच्या तळाशी ही ओळ छापा: 'हा नकाशा नियोजनासाठी आहे, हद्द, मालकी वा वहिवाट ठरवण्यासाठी वापरू नये.' ई-पीक पाहणीत शेतकरी लोकेशनसह पिकाचा फोटो टाकतात, तोही पिकाची नोंद म्हणून. बांधाचा पुरावा म्हणून नव्हे.

पायरी ५ : ड्रोन उडवण्याआधी

२५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम वाचा, ते समजायला अवघड नाहीत. डिजिटल स्काय पोर्टलवर देश हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटलेला आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल भागात केंद्र सरकारची. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा २०० फुटांवर येते. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन आणि धंद्यासाठी नसलेला दोन किलोपर्यंतचा मायक्रो सोडला, तर वैमानिकाचं प्रमाणपत्र हवंच. लोहगाव किंवा ओझरच्या आसपास काम असेल तर आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी नकाशाचा रंग बघा. मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, ते वेगळे शोधावे लागतात.

आणि गावात दवंडी द्या, किमान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली, पुढे गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणाऱ्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत हीच पद्धत देशभर गेली. त्या कामात उड्डाणाआधी घरांच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, म्हणजे ती वरून दिसते. त्या चुन्यामुळे आणखी एक गोष्ट साधते. रेघ मारताना मालक शेजारी उभा असतो, शेजारीही येतो आणि वाद असेल तर तो जमिनीवरच बोलला जातो. मागच्या अंगणात न्हाणीघर असतं, बायका वावरत असतात, याची आठवण ड्रोनवाल्याला तिथेच होते. गाव विश्वासात घेण्याचा याहून चांगला मार्ग मी पाहिलेला नाही.

पायरी ६ : खालचा नकाशा कुणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ नकाशाला कलाकृती मानतो. पडद्यावर दिसतो म्हणून तो गिरवायचा परवाना मिळत नाही. गूगल मॅप्सवरून रस्ते गिरवून स्वतःचा लेअर करणं त्यांच्या अटींविरुद्ध आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरून घेता येतं, पण श्रेय द्यावं लागतं. त्यात भर घालून केलेला डेटाबेस लोकांसमोर आणलात तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. हे ग्राहकाला आधी सांगा, नाहीतर शेवटच्या हप्त्याच्या वेळी भांडण होतं.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या ओपन सिरीज नकाशांनाही आपले लोक 'ओएसएम'च म्हणतात आणि ओपनस्ट्रीटमॅपलाही. दोन्ही पूर्ण वेगळे, अटीही वेगळ्या. अहवालात पूर्ण नाव लिहा.

पायरी ७ : माणसाला विचारा, त्याच्या भाषेत

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि डेटा गोळा करणाऱ्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. तोवर थांबू नका. आज गोळा केलेली फाइल तेव्हाही तुमच्याकडे असणारच आहे. कागदावर भरलेला फॉर्म पुढे संगणकात चढवला, तर त्यालाही हा कायदा लागतो. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

या कायद्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद भाषेची आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय माणसाला द्यावाच लागतो. मराठी त्यात आहे. गोव्यात काम करत असाल तर कोकणीही आहे. तेव्हा इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन यायचे दिवस संपले पाहिजेत. आम्ही दारात उभं राहून वाचून दाखवतो तो मजकूर असा:

'नळजोडणीचं नियोजन करायला आम्ही तुमच्या घराचं लोकेशन आणि तुमचा मोबाइल नंबर नोंदवत आहोत. ही माहिती आमच्या कार्यालयातच राहील. छापील नकाशात तुमचं घर वेगळं दिसणार नाही. काम संपलं की ती पुसली जाईल. तुम्ही आत्ता नाही म्हणू शकता किंवा नंतर कधीही या नंबरवर फोन करून काढून टाकायला सांगू शकता. त्यामुळे नळजोडणी थांबणार नाही. आमच्याविरुद्ध तक्रार असेल तर डेटा संरक्षण मंडळाकडे कशी करायची, ते या कागदाच्या मागे लिहिलं आहे.'

वाचायला मिनिटभर लागतं. त्यातलं 'नळजोडणी थांबणार नाही' हे वाक्य गाळू नका. सरकारी योजनेचं नाव ऐकलं की लोक भीतीपोटी हो म्हणतात, आणि अशा होकाराला मोकळी संमती म्हणता येत नाही. संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असंही कायदा सांगतो. मग नंबर देऊन तो उचलायचाच नाही, हे चालणार नाही.

मुलांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्यांचा माग काढण्यावर बंदी आहे. शाळेच्या बसमधल्या प्रवासात मुलांच्या सुरक्षेसाठी लोकेशन बघायला नियमांनी सवलत दिली आहे. पण ती त्या प्रवासापुरतीच. बसचं ॲप विकणाऱ्याने तोच डेटा क्लासच्या जाहिरातींना वापरला, तर सवलत संपली.

पायरी ८ : कामावरची माणसं आणि पोलिसांची मागणी

डिलिव्हरीच्या मुलांचं किंवा आपल्याच सर्व्हेयरचं लोकेशन कामाच्या कारणासाठी बघायला कायदा वाव देतो. पण ड्युटी संपली की ॲपने माग काढणं बंद केलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. ते मुलांच्या मर्जीवर सोडू नका, ॲपमध्येच तशी सोय करा. रात्री अकरानंतर कोण कुठे आहे हे मालकाला दिसायची काहीच गरज नाही.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने जामिनाच्या एका अटीवर निकाल दिला. आरोपीने गूगल मॅप्सची पिन तपास अधिकाऱ्याला द्यायची, अशी ती अट होती. ज्या अटीमुळे पोलिसांना जामिनावरच्या माणसाच्या हालचालींचा सतत माग काढता येईल, ती संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं न्यायालय म्हणालं. आरोपीच्या बाबतीत हे खरं असेल, तर बारा हजारांवर राबणाऱ्या मुलाच्या बाबतीत किती खरं असेल?

पोलिसांनी तुमच्याकडे डेटा मागितला तर सहकार्य करा, पण फोनवरच्या विनंतीवर फाइल पाठवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी समन्स किंवा आदेश देता येतो. तो घ्या, मागितलं तेवढंच द्या, आणि काय दिलं ते लिहून ठेवा.

पायरी ९ : नोंदवही, आणि शेवटी पुसणं

नकाशासाठीचा परवानगीचा कागद २०२१ च्या सूचनांनी काढून टाकल्यामुळे, आपण नियम पाळले हे दाखवायला तुमच्या हातात तुमची स्वतःची नोंदच उरते. दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक कामाला एक पान: डेटा कुणासाठी, अचूकता किती, सर्व्हर कुठे, सीमा कुठून घेतली, खालचा नकाशा कुणाचा, संमती कोणत्या भाषेत, पुसायची तारीख. डेटा गळाला तर मंडळाला आणि ज्यांची माहिती गेली त्यांना कळवावं लागतं. तेव्हा त्या पानावर बघूनच कुणाला फोन करायचे ते ठरतं.

तारीख आली की पुसायला बसा. मुख्य फाइल पुसणं सोपं असतं, राहतात त्या तिच्या पिल्लावळी. सर्व्हेयरच्या गॅलरीत लोकेशनसह काढलेले घरांचे फोटो असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर आतलं लोकेशन सहसा निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं, आणि आपली मुलं 'क्वालिटी जाते' म्हणून डॉक्युमेंटच पाठवतात. ड्राइव्हची 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी लिंक, ड्रोनचं मेमरी कार्ड, प्रिंटिंगच्या दुकानातल्या संगणकावर पडलेली पीडीएफ. आमचा तो भिंतीवरचा नकाशा आम्ही दुसऱ्याच दिवशी काढला होता. त्याची फाइल वर्षभराने तालुक्याच्या ठिकाणी, त्याच प्रिंटिंगवाल्याच्या डेस्कटॉपवर सापडली. आता छपाईला गेलं की आमचा माणूस प्रत हातात घेऊन लगेच निघत नाही. दुकानदाराच्या शेजारी उभं राहून फाइल पुसून घेतो, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करायला लावतो, आणि मग वहीत सही करतो.